खंदकातला गाळ म्हणजे कचरा नव्हे

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या अधिवेशनात युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भारताचे हे चव्वेचाळिसावे वारसास्थळ. त्या दिवशी बंगळुरूतल्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तीन मराठी माणसांनी पेढे वाटले, आणि कन्नड, तमिळ, बंगाली सहकाऱ्यांना साल्हेर नेमका कुठे आहे हे नकाशावर दाखवण्यात अर्धा दिवस घालवला. त्या आनंदाबद्दल मला आजही काही मागे घ्यायचे नाही. परंतु ती यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी, अशी विनंती आहे. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी. डोंगर आणि समुद्र. मैदानात उभा राहिलेला, ज्याचा सारा भरवसा माणसाने खणलेल्या खंदकावर आहे, असा अस्सल भुईकोट त्यात एकही नाही. जिंजीच्या पायथ्याच्या कोटाला खंदक आहे खरा, पण जिंजी ओळखली जाते ती तिच्या टेकड्यांसाठी.

युनेस्कोकडे पाठवलेल्या प्रस्तावाला एक सूत्र असावे लागते, तेव्हा यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. माझा आक्षेप आपल्या सर्वांच्या मनात पक्क्या बसलेल्या यादीवर आहे. ‘किल्ला’ म्हटले की आपल्याला कडा, दरवाजा, बुरूज आणि तोफ दिसते. खंदक दिसतच नाही. तो दिसतो फक्त दोन प्रसंगी: दुर्गंधी सुटते तेव्हा, आणि नगरपालिकेला सुशोभीकरणाचा निधी मिळतो तेव्हा. दुसरा प्रसंग पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे, हे मला या लेखात सांगायचे आहे.

मी पुरातत्त्वज्ञ नाही. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली, आणि आता क्वार्ट्झच्या कणांत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांवरून त्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजण्याच्या खटाटोपात असतो. त्यामुळे खंदकाकडे माझी पाहण्याची दृष्टी थोडी निराळी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात दुर्गाभोवती तीन परिखा सांगितल्या आहेत: चौदा, बारा आणि दहा दंड रुंदीच्या, परस्परांमध्ये एकेक दंड अंतर ठेवून. आणि त्यांतून निघालेल्या मातीनेच वप्र, म्हणजे आतला बंधारा उभारावा, असेही सांगितले आहे. वस्तुमान अक्षय्यतेचा इतका सरळ उपयोग क्वचितच पाहायला मिळतो. खड्डा आणि भिंत ही एकाच राशीची ऋण आणि धन रूपे आहेत. भिंत जपायची आणि खड्डा भरून टाकायचा, म्हणजे जमाखर्चाच्या वहीतले एक पान ठेवून समोरचे फाडायचे.

जिथे कडा नसतो तिथे खंदकाचे काम फार मोठे असते. शिड्या लावणाऱ्याला तो अडवतोच, पण तट पाडण्याची खरी विद्या सुरुंगाची होती, आणि सुरुंग खणणाऱ्याला पहिले उत्तर खंदकच देतो. भुयार खंदकाच्या तळाखालून न्यावे लागते, आणि खंदकात पाणी असेल तर ते झिरपून भुयारात येते. १५९५-९६ च्या वेढ्यात शाहजादा मुरादच्या फौजेने अहमदनगरच्या तटाखाली सुरुंग भरले. चांदबिबीच्या लोकांनी त्यांतले काही शोधून निकामी केले, एक उडाला, तटाला खिंडार पडले, आणि तिने ते रातोरात बांधून काढले. १६६० मध्ये चाकणच्या लहानशा संग्रामदुर्गाने शायिस्ताखानाला सुमारे छप्पन्न दिवस रोखून धरले. फिरंगोजी नरसाळ्यांचे शौर्य आपण शाळेत शिकतो, आणि ते शिकावेच. पण सपाट मैदानातला तो कोट इतके दिवस टिकला, त्यात खंदकाचा वाटा किती, हा प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. आज चाकणला जाऊन पाहा. कारखान्यांच्या त्या गजबजलेल्या गावात तटाचे अवशेष शोधून सापडतात, खंदकाचा मात्र बराचसा भाग बुजून गेला आहे.

आता मी जिथे राहतो त्या शहराकडे येतो. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेल्या बंगळुरूला मातीचा कोट आणि भोवती खंदक होता. १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या मोहिमेत हे शहर आदिलशाहीकडे आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण झाले. जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’त वर्णिलेला दरबार इथला. म्हणजे ज्या भोसले घराण्याचे गड आज जागतिक वारसा झाले, त्या घराण्याच्या मागच्या पिढीचा संसार एका खंदकाने वेढलेल्या मैदानी गावात चालला होता. पुढे दक्षिणेकडे दुसरा कोट झाला, १७६१ च्या सुमारास हैदरअलीने तो दगडात बांधला, आणि मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने आधी पेठ व मग किल्ला घेतला. त्या लढाईच्या इंग्रजी वर्णनांत एक मोठी बोलकी गोष्ट आहे: पेठेचा तट साधारणच होता, परंतु खंदक उत्तम होता, आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात दाट काटेरी झाडोरा वाढवलेला होता. म्हणजे ज्यांना तो ओलांडायचा होता त्यांना भिंतीपेक्षा खड्डा आणि काटे यांची धास्ती अधिक होती.

त्या खंदकाचे काय झाले? के. आर. मार्केटच्या गर्दीतून वाट काढत दिल्ली दरवाजापर्यंत जा. एक देखणा दरवाजा, थोडा तट, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक. किल्ल्याचा उरलेला देह रस्ते, रुग्णालये, शाळा आणि बाजार यांच्या खाली गेला. मेट्रोचे काम या भागात चालू असताना मातीखालून जुन्या तोफा निघाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, माणसे पाहायला जमली. तोफा ज्या मातीत पुरल्या गेल्या होत्या तिचे पुढे काय झाले, याविषयी मी एकही ओळ वाचली नाही. मालमोटारीत भरून ती शहराबाहेर कुठल्या तरी भरावात गेली असणार. तोफ हा पुराव्यातला सर्वांत मुका भाग आहे. फार तर तिच्या घडणीवरून शतक सांगता येईल. भोवतालच्या मातीने मात्र ती केव्हा पुरली गेली, त्या वेळी तिथे पाणी होते की नव्हते, काय उगवत होते, काय जळत होते हे सांगितले असते.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. खंदकात पाणी साचते, पाण्यात गाळ बसतो, आणि तो थरांनी बसतो. त्यातल्या क्वार्ट्झच्या प्रत्येक कणावर आजूबाजूच्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचा किरणोत्सार सतत पडत असतो. त्या ऊर्जेने काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांच्या जागी अडकून पडतात. सूर्यप्रकाश लागला की ते सुटतात, घड्याळ शून्यावर येते; कण पुन्हा गाडला गेला की मोजणी नव्याने सुरू होते. प्रयोगशाळेत अंधूक तांबड्या उजेडात तो कण बाहेर काढून त्यावर निळा प्रकाश टाकला, की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटताना क्षीण प्रकाश देतात. तो प्रकाश मोजून एकूण मात्रा काढायची, वर्षाला मिळणाऱ्या मात्रेने तिला भागायचे, की वय मिळते. हजार वर्षांत तीन ग्रे मिळत असतील, तर चारशे वर्षांच्या थरात सुमारे १.२ ग्रे. आजच्या उपकरणांना हे सहज मोजता येते.

आपल्या मध्ययुगासाठी ही पद्धत विशेष मोलाची आहे. रेडिओकार्बनचा वापर सर्वांना ठाऊक आहे, पण १६५० ते १९५० या काळात त्याचा अंशांकन-वक्र इतका सपाट आणि वाकडातिकडा आहे, की एकाच मोजमापाला तीन-चार वेगवेगळ्या कालखंडांची उत्तरे येतात. शिवकाल, पेशवाई, हैदर-टिपूंचा काळ नेमका याच धुक्यात सापडतो. ल्युमिनेसन्सला हे धुके नाही. त्याच्या अडचणी निराळ्या आहेत, आणि खंदकात त्या ठळकपणे समोर येतात. गढूळ पाण्यातून आलेल्या कणाला पुरता सूर्यप्रकाश मिळालेला नसतो, त्यामुळे वय जास्त दिसते. आणि मातीतले पाणी किरणोत्सार शोषून घेते, तेव्हा चारशे वर्षांत ती माती सरासरी किती ओली होती याचा अंदाज चुकला की वयही त्याच प्रमाणात चुकते. या अडचणींवर एकेका कणाचे मोजमाप, शेजारच्या थरांशी पडताळा असे उपाय आहेत. पण त्यांतला एकही उपाय ढिगाऱ्यातून उचललेल्या मातीवर चालत नाही. थर जागेवर हवा.

गाळात आणखी पुष्कळ असते. परागकण, काजळी, शंखशिंपले, बिया, आणि तळाशी बारमाही ओल असेल तर लाकूड आणि चामडेसुद्धा. मक्याचा परागकण मोठा असतो, ओळखू येतो. हे पीक अमेरिकेतून आपल्याकडे कोणत्या दशकात आणि कोणत्या वाटेने आले, याची साक्ष दख्खनच्या खंदकांतून मिळू शकते. १६३०-३२ चा दुष्काळ आपल्याला फारसी तवारिखांतून आणि परदेशी व्यापाऱ्यांच्या पत्रांतून ठाऊक आहे. त्या दोन-तीन वर्षांत परांड्याच्या किंवा नळदुर्गच्या आसमंतात नेमके काय झाले, झाडोरा किती काळाने परतला, हे विचारायला आपल्याकडे फार थोडे साक्षीदार आहेत. खंदक त्यांतला एक.

एक आक्षेप मीच आधी मांडतो, कारण तो विचारायला हवा. किल्ला नांदता असताना किल्लेदार खंदक साफ करवून घेत असत. मग चारशे वर्षांचे थर सलग सापडतील कशावरून? बहुधा सापडणार नाहीत. परंतु यातूनच मला सर्वांत रोचक वाटणारी गोष्ट निघते. सर्वांत खालचा टिकलेला थर ज्या काळचा असेल, त्या सुमारास खंदक उपसणे थांबले. म्हणजे तिथवर कुणीतरी मजुरी देत होते आणि नंतर दिली नाही. एखाद्या किल्ल्याचे प्रत्यक्ष जीवन कधी संपले, याची तारीख तहनाम्यात मिळत नाही. तहनामा फक्त मालक बदलल्याचे सांगतो. दख्खनच्या वीस भुईकोटांच्या खंदकांतला तळचा थर मोजला, तर या मुलुखातले लष्करी अर्थकारण कुठे आधी कोलमडले आणि कुठे तग धरून राहिले, याचा एक स्वतंत्र नकाशा तयार होईल. तो कुठल्याही दप्तरावर अवलंबून नसेल, आणि कुठल्याही बखरकाराच्या स्वामिनिष्ठेवरही नसेल.

आता यंत्राचा हिशेब. समजा खंदकाचा घेर दीड किलोमीटर, रुंदी वीस मीटर, गाळ दोन मीटर. म्हणजे साठ हजार घनमीटर माती. दोन-तीन जेसीबी लावले तर काही आठवड्यांचे काम. हा दोन मीटर गाळ चारशे वर्षांत साचला असेल, तर वर्षाला सरासरी पाच मिलिमीटर. जेसीबीच्या बकेटने एका ओरबाड्यात तीस सेंटिमीटर उचलले, की साठ वर्षे गेली. चालक तेवढ्यात विडी पेटवतो, आणि चौथ्या ओरबाड्यात पेशवाई संपते.

हे दृश्य मी कल्पनेने रंगवलेले नाही. मराठवाड्यातल्या एका भुईकोटाच्या खंदकातून नमुने घेण्याची परवानगी आम्ही मागितली होती. गावाचे नाव घेत नाही. तिथल्या माणसांनी आमचे अगत्यच केले. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज, हुद्द्यावरचा माणूस बदलला म्हणून पुन्हा पहिल्यापासून अर्ज, असे चौदा महिने गेले. परवानगीचा कागद हातात घेऊन माझी विद्यार्थिनी आणि मी लोखंडी नळ्या, काळे प्लास्टिक आणि हातोडा अशा सरंजामासह तिथे पोचलो, तेव्हा खंदक लख्ख होता. तळाला मुरूम दिसत होता. एका कार्यालयाने आमच्या दोन नळ्यांसाठी चौदा महिने घेतले आणि दुसऱ्या कार्यालयाने त्याच खंदकातली हजारो घनमीटर माती उपसण्याची निविदा चार महिन्यांत पूर्ण केली होती. तिथल्या अभियंत्याला मी विचारले, गाळ कुठे टाकला? तो अभिमानाने म्हणाला, “सर, एक ब्रास वाया घालवला नाही. शेतकरी स्वतःचे ट्रॅक्टर घेऊन आले. पीक बघा आता.” त्याचे चूक काय होते? काहीच नाही. धरणातला गाळ शेतात नेणे ही महाराष्ट्रात सरकारी योजनाच आहे, आणि चांगली आहे. खंदक आणि पाझर तलाव यांत फरक आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. सांगायचे कुणी? आमच्यासारख्यांनी. आणि आम्ही शोधनिबंध लिहीत होतो, इंग्रजीत.

कायदा नाही, असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्यात ‘स्मारक’ आणि ‘पुरातत्त्वीय स्थळ’ अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. दुसऱ्या व्याख्येत किमान शंभर वर्षे जुने असे ऐतिहासिक महत्त्वाचे अवशेष ज्या क्षेत्रात आहेत, किंवा आहेत असे सकारण मानता येते, ते क्षेत्र येते. बांधकाम दिसलेच पाहिजे अशी अटच नाही. गाळाने भरलेला खंदक या व्याख्येत तंतोतंत बसतो. शिवाय २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित, असे पट्टे आले. आता विचार करा: ही सीमा तटाच्या पायथ्याशी आखली, तर खंदक प्रतिबंधित पट्ट्यात गेला. तिथे नवी इमारत बांधता येणार नाही, पण गाळ हा कुणाच्याच खिजगणतीत नाही. सीमा खंदकाच्या बाहेरच्या काठावर आखली, तर तोच खंदक स्मारकाचा भाग होतो, आणि त्यातली एक पाटी माती हलवायलाही उत्तर द्यावे लागते. नकाशावरची एक रेघ वीस-तीस मीटर सरकवण्याचा हा प्रश्न आहे. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने प्रत्येक स्मारकासाठी उपविधी करायचे आहेत, ही तरतूदही त्याच दुरुस्तीतली. ते करताना भुईकोटांच्या बाबतीत रेघ बाहेरच्या काठावर ओढावी, एवढीच मागणी आहे. तिला नवा पैसा लागत नाही.

भिंत असलेल्या स्मारकांचे आपण काय केले आहे, हे पाहिले तर ही मागणी भाबडी वाटेल, याची मला जाणीव आहे. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी १,६५५ केंद्रीय संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी करवली, तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. मार्च २०२४ मध्ये अठरा स्मारके यादीतून काढण्याची अधिसूचना निघाली. त्यांत हरियाणातला एक कोसमिनार होता आणि वाराणसीतले बौद्ध अवशेषही. दगडी मिनार हरवतो, पण निदान तो हरवल्याची नोंद होते. खंदक बुजला तर त्याची तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची?

इंग्लंडचे उदाहरण देताना मला थोडा संकोच वाटतो, कारण आपल्याकडे ते एक तर शरण जाऊन दिले जाते किंवा चिडून फेटाळले जाते. तरीही देतो. तिथे मध्ययुगीन खंदकवेष्टित वाड्यांची सुमारे सहा हजार ठिकाणे ज्ञात आहेत, बहुतेक १२५० ते १३५० या शतकातली. त्यांतली पुष्कळशी राजांची नव्हेत. गावातल्या खाऊनपिऊन सुखी जमीनदारांची. शेजाऱ्याने खंदक खणला म्हणून आपणही खणायचा, हाही त्यामागचा एक हेतू होता. आज अनेक ठिकाणी वाडा उरलेलाच नाही. गवताने झाकलेला एक चौकोनी खळगा आहे, आणि तरीही तो खळगा राष्ट्रीय संरक्षित यादीत आहे. कारण म्हणून जे नोंदवलेले असते त्यात समाजातील संपत्ती आणि प्रतिष्ठा यांची वाटणी समजण्यास उपयोग, आणि ओलाव्यामुळे सेंद्रिय अवशेष टिकण्याची शक्यता, हे मुद्दे असतात. वाडा नसताना खड्डा जपणारे ते, आणि वाडा असताना खड्डा बुजवणारे आपण.

आपल्या उदासीनतेला एक कारण आणखी आहे, ते बोलले जात नाही. महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले खंदकांचे भुईकोट बहुतांशी बहमनी, निजामशाही, आदिलशाही काळात बांधले किंवा वाढवले गेले. परांडा, औसा, उदगीर, सोलापूर, अहमदनगर. देवगिरीचा खडकात कोरलेला खंदक पाहून माणसे थक्क होतात, बेळगावच्या किल्ल्याचा खंदक रोज हजारो लोक ओलांडतात, पण ‘आपला’ म्हणून त्यांच्यासाठी झेंडा घेऊन कुणी उभे राहत नाही. परांड्याहून १६३२ मध्ये विजापूरला गेलेली मुलूख-ए-मैदान तोफ शाळकरी मुलांनाही माहीत असते. ती ज्या कोटावर होती त्याच्या खंदकाविषयी दोन वाक्ये सांगणारा माणूस शोधावा लागतो. मालोजीराजे आणि शहाजीराजे याच भुईकोटांच्या जगात वाढले, लढले, वेढे शिकले. आणि वेल्लोरचा कोट शिवरायांच्या फौजेने चौदा महिने वेढला होता. त्याच्या सुसरींनी भरलेल्या खंदकाचे वर्णन सभासदाने केले आहे. वेल्लोरच्या खंदकात आजही पाणी आहे. बंगळुरूहून चार तासांच्या आत पोचता येते; विद्यार्थ्यांनी जाऊन यावे. सुसरी नाहीत.

दोन आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पहिला डासांचा. खंदकाकाठी राहणाऱ्या बाईला डेंगीचा ताप आलेल्या मुलाला मांडीवर घेऊन परागकणांचे महत्त्व पटवून घ्यावे, असे मी म्हणणार नाही. सांडपाणी वळवा, वरचा कचरा काढा, पाणी वाहते करा. वरचा अर्धा मीटर बहुतेक ठिकाणी गेल्या काही दशकांचे प्लास्टिकच आहे. त्याखाली हात घालण्याआधी थांबा. आणि जिथे पूर्ण उपसा अटळ असेल तिथे मीटर-दोन मीटर रुंदीचे चार-पाच आडवे पट्टे जागच्या जागी राखून ठेवा. उत्खननात दोन खड्ड्यांच्या मध्ये मातीची भिंत राखतात, तसेच हे. नव्वद टक्क्यांहून अधिक गाळ शेतकऱ्याने खुशाल न्यावा.

दुसरा आक्षेप घरांचा. बुजलेल्या खंदकांवर माणसे राहतात, आणि ‘वारसा’ हा शब्द उच्चारला की त्यांच्या दारात नोटीस येते. मला ती नोटीस नको आहे. शास्त्रीयदृष्ट्याही ती आवश्यक नाही. उथळ पायाचे घर खालच्या थरांना फारशी इजा करत नाही. उलट दोन पिढ्या त्याने तिथे जेसीबी येऊ दिलेला नाही. खंदकाचा खरा शत्रू झोपडी नव्हे. तो आहे काँक्रीटचा तळ, कारंजे, नौकाविहार आणि ध्वनिप्रकाशाचा खेळ. सुशोभीकरण म्हणून जे केले जाते त्यात खंदकाचा तळ सपाट करून त्याला अस्तर दिले जाते, आणि मग भूजलाशी, मातीशी, काळाशी त्याचा संबंध कायमचा तुटतो. उरते ते पोहण्याच्या तलावासारखे काहीतरी, मागे बुरुजाचा पडदा लावलेले.

थोडे आमच्या घरचेही बोलावे लागेल. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने लोखंडाच्या प्राचीनतेविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यातल्या रेडिओकार्बन आणि ल्युमिनेसन्स तारखांवरून देशभर चर्चा झाली. चर्चा व्हायलाच हवी होती. पण आपल्या देशात कालमापनाला बातमीमूल्य येते ते ‘सर्वांत जुने’ या दोन शब्दांनी. पाच हजार वर्षांच्या नमुन्याला यंत्रावर वेळ मिळतो, तीनशे वर्षांच्या गाळाला रांगेत उभे राहावे लागते. आमच्याच क्षेत्रातल्या एका ज्येष्ठाने मला विचारले होते, “त्यात नवीन काय निघणार? तो काळ तर कागदपत्रांत आहे.” कागदपत्रांत राजे आहेत, वेढे आहेत, महसूल आहे. पाऊस फार थोडा आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की बेसाल्टवरच्या काळ्या मातीत जमिनीचा वेध घेणारे रडार मीटरभरातच आंधळे होते, चुंबकीय सर्वेक्षणाला बेसाल्टचा स्वतःचाच गोंगाट भोवतो, आणि खंदक शोधायला विद्युत रोधकताच कामी येते, कारण ओल्या चिकणमातीची रोधकता खडकाच्या तुलनेत फारच कमी असते. याउलट बंगळुरूच्या ग्रॅनिटी खडकात चुंबकीय पद्धत बरी चालावी. शहराखाली बुजलेला कोटाचा खंदक कुठून कुठे जातो याची रेघ, एक फूट न खणता, पदव्युत्तर प्रकल्पातून निघू शकते. निदान रुग्णालयांची मोकळी आवारे आणि शाळांची मैदाने जिथे आहेत तिथे. इथल्या मिथिक सोसायटीने बंगळुरूच्या शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅन करण्याचा जो प्रकल्प चालवला आहे, तो पाहिला की शहर मनावर घेते तेव्हा काय होऊ शकते ते समजते. शिलालेखाला वाचक आहेत. गाळाला अजून मिळायचे आहेत.

मराठवाड्यातल्या त्या खंदकाची गोष्ट अर्धीच सांगितली. परतण्याआधी माझी विद्यार्थिनी पूर्ण फेरी मारून आली. ईशान्येच्या बुरुजाखाली एक जुने कडुनिंबाचे झाड होते, आणि ते पडू नये म्हणून यंत्रचालकाने त्याच्या भोवतीची माती सोडली होती. सव्वा मीटर उंचीचा, सरळ कापलेला, थरांच्या रेघा स्पष्ट दिसणारा एक तुकडा. आम्ही त्यात तीन नळ्या ठोकल्या. मुळांनी वरचे थर बिघडवले असतील, खालच्या नळीवर आशा आहे. तिची मोजणी पुढच्या महिन्यात सुरू होईल.

उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, अशा कामांना वेग येतो. ज्यांच्या गावात भुईकोट आहे त्यांनी स्वतः काहीही खणू नये. तो गुन्हा आहे, आणि आमचेही नुकसान. पण उपसा सुरू झालेला दिसला, तर कापलेल्या उभ्या कडेचे छायाचित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी किंवा निदान छत्री उभी ठेवावी, तारीख आणि जागा लिहावी, आणि जिल्ह्याच्या पुरातत्त्व कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे. मलाही पाठवा. छत्री ठेवलीत तर तिची लांबी कळवायला विसरू नका.